अर्धांगवायूनंतरची रात्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाट्यसंगीत, संतवाङ्मय आणि शिवकाल अशी तीन दिवसांची मेजवानी झाल्यावर चौथ्या दिवशी आम्हांला घोरण्यावर बोलावयास उभे केले आहे, ह्यात संयोजकांचा काही मिष्किल हेतू असावा अशी शंका येते. व्याख्यान चालू असता सभागृहातून घोरण्याचा आवाज येणे आम्हां वक्त्यांना नवीन नाही. आज तो आला तर आम्ही रागावणार नाही. शेजारच्याने तो जरा कान देऊन ऐकावा, एवढीच विनंती करू.

विषय मात्र हसण्यावारी नेण्याचा नाही. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाचा झोपेतील श्वास, हा आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. ह्या गावी कारखान्याच्या निमित्ताने आलेली आपली पहिली पिढी आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, काहींची सातासमुद्रापलीकडे. सेक्टरमधल्या क्वार्टरात किंवा निवृत्तीनंतर बांधलेल्या घरात उरतात ती दोघे. त्यांतल्या एकाला झटका येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला शुश्रूषा येते. ती शुश्रूषा करणाऱ्यांसाठीच आम्ही मुख्यतः बोलणार आहोत.

झटक्यानंतर काय करावयाचे, ह्याची जाणीव आता पुष्कळ झाली आहे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले की ताबडतोब रुग्णालय गाठावे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, हे आता रिक्षावालाही सांगतो. घरी परतल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी गोळी, साखरेची तपासणी, फिजिओथेरपी, बोलण्याचे व्यायाम ह्यांची वही ठेवली जाते. पण ही सारी वही दिवसाची असते. रात्रीचे पान कोरे राहते. माणूस झोपला म्हणजे त्याची काळजी मिटली, आणि घोरू लागला म्हणजे तर स्वस्थ झोप लागली, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. येथले शेजारी ‘खर्राटे’ म्हणतात, आपण घोरणे म्हणतो. समजूत दोघांचीही एकच.

आता त्या घोरण्याच्या आत काय घडते ते पाहू. आपल्या घशाच्या मागच्या भागाला हाडाचा आधार नाही. तेथे श्वासाची वाट मोकळी राहते ती स्नायूंच्या ताणामुळे. झोपेत हे स्नायू सैलावतात, जीभ मागे ढळते आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून जाणारी हवा पडद्यासारखे मऊ भाग थरथरविते, तेच घोरणे. काहींच्या बाबतीत ही वाट पूर्णच मिटते. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, स्नायू आवळले जातात आणि मोठा सुस्कारा टाकून श्वास पुन्हा सुरू होतो. झोपलेल्याला ह्यातले काहीही आठवत नाही. हे एका रात्रीत शेकडो वेळा घडू शकते. ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. आम्ही आपल्या सोयीसाठी श्वासरोध म्हणू.

दुसराही एक प्रकार आहे. त्यात वाट मोकळी असते, पण मेंदूकडून श्वासाची आज्ञाच काही काळ येत नाही. श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होत जातो, थांबतो, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. जॉन चेन ह्या डॉक्टरांनी १८१८ मध्ये डब्लिन येथे ह्या श्वासाचे वर्णन लिहिले. ते ज्या रुग्णाचे होते, त्याच्या आजाराला त्यांनी अपोप्लेक्सी, म्हणजे मेंदूचा आघात, असेच नाव दिले होते. पुढे १८५४ मध्ये विल्यम स्टोक्स ह्यांनी त्यात भर घातली आणि दोघांची नावे त्या श्वासाला कायमची चिकटली. मेंदूचा आघात आणि बिघडलेला श्वास ह्यांची जोडी अशी दोनशे वर्षे वैद्यकाच्या डोळ्यांसमोर आहे. घशाची वाट मिटून होणारा श्वासरोध मात्र झोपेतील नोंदी घेऊन नीट ओळखला गेला तो १९६५ मध्ये, फ्रान्स आणि जर्मनी येथील संशोधकांकडून. आणि अर्धांगवायूच्या रुग्णांत हा दुसऱ्या प्रकारापेक्षा कितीतरी अधिक आढळतो.

किती अधिक? भारतातील प्रौढांपैकी शंभरात सुमारे अकरा जणांना श्वासरोधाचा विकार असावा, असा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अनेक पाहण्या एकत्र करून २०२३ मध्ये अंदाज काढला. झटका येऊन गेलेल्यांमध्ये, जगभरच्या पाहण्या एकत्र केल्यावर, हे प्रमाण दहांत सात इतके भरते आणि दहांतील तिघांचा विकार तीव्र असतो. हा योगायोग नव्हे. काहींना श्वासरोध आधीपासून असतो आणि झटका येण्यास तोच हातभार लावतो. २००५ मध्ये अमेरिकेत येल येथील संशोधकांनी हजारावर लोकांचा काही वर्षे मागोवा घेतला. वय, रक्तदाब, मधुमेह, वजन ह्यांचा हिशेब वजा केल्यावरही श्वासरोध असणाऱ्यांत झटका वा मृत्यू ह्यांचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. उलट काहींच्या घशाचे स्नायूच झटक्याने दुबळे होतात आणि कूस बदलता न आल्यामुळे माणूस रात्रभर उताणा पडून राहतो. त्याने वाट अधिकच मिटते.

झटक्यानंतर मेंदूचा काही भाग मेलेला असतो आणि त्याच्या भोवतालचा भाग तगून राहण्याची धडपड करीत असतो. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती मिळते. श्वासरोध असलेल्याला ती मिळत नाही. प्रत्येक रोधाच्या शेवटी रक्तदाब उसळी घेतो, हृदयाची लय बिघडण्याचा संभव वाढतो आणि प्राणवायू तर दर वेळी खाली गेलेला असतोच. ज्या पेशींना नवीन धागे जोडून हात-पाय पुन्हा हलवावयास शिकावयाचे आहे, त्यांना रात्र अशी काढावी लागते. सकाळी फिजिओथेरपीवाला येतो तेव्हा माणूस पेंगत असतो, चिडचिड करतो, काल शिकविलेले विसरलेला असतो. घरचे म्हणतात, ‘ह्यांनी मनच सोडले आहे.’

येथे आम्हांला एक गृहस्थ आठवतात. रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर शिफ्ट ड्यूटी केलेली. उजवी बाजू गेली होती. तीन महिने झाले तरी सुधारणा म्हणावी तशी नव्हती आणि व्यायामाच्या वेळी ते खुर्चीतच झोपी जात. मनाच्या उभारीसाठी गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यांच्या पत्नी फार बोलत नसत. निघताना दाराशी थांबून म्हणाल्या, “डॉक्टर, एक विचारू का? रात्री ह्यांचा श्वास मध्येच हरवतो. मी जपमाळ घेऊन बसते. कधी वीस मणी ओढून होतात, कधी तीस, तरी पुढचा श्वास येत नाही. मग एकदम हुंदका दिल्यासारखा येतो. मुलाला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, बाबा पहिल्यापासूनच घोरतात, आई.” त्या माउलीने तीन महिने रात्री जागून जी मोजणी केली होती, ती आमच्या कोणत्याही कागदावर नव्हती, कारण ती त्यांना कोणी विचारलीच नव्हती. तपासणीत त्यांच्या पतीचा श्वास तासाला बेचाळीस वेळा अडत असल्याचे दिसले.

ही तपासणी म्हणजे काय, तेही सांगतो. मोठ्या रुग्णालयात एक रात्र झोपवून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, श्वास, छातीची हालचाल, हृदयाची लय आणि प्राणवायू ह्यांची एकत्र नोंद घेतात. ज्याला हलविणे कठीण, त्याच्यासाठी घरी लावता येणारे लहान यंत्र असते: नाकाशी एक नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. तासाला किती वेळा श्वास अडतो वा अर्धवट होतो तो आकडा त्यातून निघतो. पाचाच्या आत असेल तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. इतर लोकांत लठ्ठपणा आणि दिवसाची झोप ह्यांवरून श्वासरोधाचा संशय घेतात. झटक्यानंतरचे रुग्ण ह्या कसोटीला फसवितात. त्यांतले कित्येक सडपातळ असतात आणि आपल्याला झोप येते असे सांगतही नाहीत. किंबहुना काहींना सांगताच येत नाही. म्हणून प्रश्नावली भरून घेऊन निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

उपचारांत सर्वांत साधा तो झोपण्याच्या पद्धतीचा. उताणे झोपू देऊ नये. कुशीवर वळवावे आणि उशाकडची बाजू थोडी उंच करावी. गिळण्यास त्रास असलेल्यांना उशाच्या उंचीचा आणखीही उपयोग होतो. मात्र दुबळा खांदा अंगाखाली चेपला जाणार नाही, हाताला उशीचा आधार राहील, हे पाहावे. कसे वळवावे ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे. मद्य पूर्ण वर्ज्य. झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करू शकतात. ‘रात्री स्वस्थ झोपत नाहीत, एक गोळी द्या’ असा आग्रह डॉक्टरांपाशी धरू नये. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. वजन जास्त असेल तर उतरवावे. बिडी-सिगारेट, तंबाखू आणि आपल्या ह्या छत्तीसगडात दात घासण्याच्या नावाखाली चालणारा गुडाखू, ह्यांना घरातून निरोप द्यावा.

मध्यम आणि तीव्र विकाराचा मुख्य उपचार म्हणजे सीपॅप हे यंत्र. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सलिव्हन ह्यांनी ते घडविले आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. घरच्या झाडलोटीच्या यंत्राची मोटर उलटी लावून नाकात हवेचा सौम्य दाब द्यावयाचा, अशी ती मूळ कल्पना. तो दाब घशाच्या वाटेला आतून टेकू देतो. वाट मिटत नाही. आजची यंत्रे जेवणाच्या डब्याएवढी लहान आणि जवळजवळ निःशब्द असतात.

येथे एका गैरसमजाचा खुलासा केलाच पाहिजे. २०२१ च्या करोनाच्या लाटेत आपल्यापैकी अनेकांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. ते अजून पलंगाखाली आहेत. ‘तेच लावले तर चालेल का?’ असे आम्हांला नेहमी विचारतात. चालणार नाही. ते यंत्र हवेतील प्राणवायू वाढविते. मिटलेली वाट उघडीत नाही. दार बंद असता बाहेर कितीही पाणी आणून ठेवले तरी घरातल्याची तहान भागत नाही.

आता जे सांगावयाचे ते विक्रेते सांगत नाहीत. हे यंत्र लावले म्हणजे दुसरा झटका येत नाही, असे सिद्ध झालेले नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयाचा वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले २७१७ रुग्ण होते; सात देशांत ती झाली, भारतही त्यांत होता. सुमारे पावणेचार वर्षांच्या पाठपुराव्यानंतर सीपॅप वापरणाऱ्यांत आणि न वापरणाऱ्यांत झटक्यांचे प्रमाण सारखेच निघाले. पुष्कळांची निराशा झाली. परंतु त्या चाचणीतले रुग्ण यंत्र वापरीत होते सरासरी रात्रीचे ३.३ तास! अर्ध्या झोपेत छत्री उघडी आणि अर्ध्या झोपेत मिटलेली. जे चार तासांहून अधिक वापरीत त्यांत मेंदूचे झटके कमी दिसले; तथापि असे लोक गोळ्याही वेळेवर घेणारे आणि पथ्य पाळणारे असतात, म्हणून त्या निष्कर्षावर फार भार टाकणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. त्याच चाचणीत दुसरे काही निर्विवाद दिसले: दिवसाची झोप कमी झाली, मन हलके झाले, जगण्याची प्रत सुधारली. अमेरिकेतील हृदय आणि मेंदुविकार संघटनांनी २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही झटका येऊन गेलेल्या श्वासरोधाच्या रुग्णांना हा उपचार हितकर ठरू शकतो असे म्हटले आहे, ते ह्याच लाभांसाठी.

म्हणून आमचा सल्ला असा की यंत्र विमा म्हणून घेऊ नका. दिवस परत मिळावा म्हणून घ्या. व्यायामाच्या तासाला माणूस जागा असणे, नातवाशी फोनवर चार वाक्ये बोलून होईतो लक्ष टिकणे, ही बाब लहान नव्हे. मघा सांगितलेल्या गृहस्थांचा उजवा हात आजही पूर्ण उघडत नाही. रक्तदाबाच्या गोळ्याही होत्या तेवढ्याच राहिल्या. पण ते पेंगेनासे झाले आणि सहा महिन्यांनी काठी टेकीत मंडळाच्या गणपतीच्या आरतीस आले. त्यांच्या पत्नी रात्री झोपू लागल्या, हेही आम्ही उपचाराच्या जमाखात्यातच धरतो.

अडचण आहे ती सवयीची, आणि अर्धांगवायूत ती दुप्पट असते. एका हाताने मास्कचे पट्टे लावता येत नाहीत. ओठ एका बाजूने लोंबत असेल तर तोंडावाटे हवा गळते. काही मास्कना पट्ट्यांऐवजी चुंबकाच्या कड्या असतात, त्या एका हाताने लागतात. पण ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा मेंदूत धातूची क्लिप आहे त्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. उलटी होण्याचा संभव आहे आणि मास्क स्वतः काढता येत नाही, अशा रुग्णाला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावून एकटे ठेवणे धोक्याचे. हृदय फार दुबळे असेल तर यंत्राचा प्रकार विशेषज्ञानेच ठरवावा. मेंदूच्या आज्ञेअभावी श्वास थांबणाऱ्या रुग्णांसाठीचे एक वेगळे यंत्र अशा हृदयाला अपायकारक ठरल्याचे २०१५ मध्ये दिसून आले आहे.

मास्कची पहिली ओळख रात्री करून देऊ नये. दुपारी वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास, मग दुपारच्या डुलकीला, मग रात्री. असे पायरीपायरीने जावे. त्या गृहस्थांनी पहिल्या आठवड्यात डाव्या हाताने मास्क चार वेळा भिरकावून दिला होता. रात्रीचे चार तास ही किमान मर्यादा मानतात. आम्ही सर्व झोप हेच ध्येय ठेवावयास सांगतो. नाक कोरडे पडत असेल तर हवा दमट करणारी टाकी जोडावी आणि तीत डिस्टिल्ड वॉटर घालावे. मास्क रोज धुवावा. आपल्या उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा यंत्र बंद पडते, म्हणून इन्व्हर्टरची तार त्या खोलीत आधी न्यावी, दूरदर्शन संचाकडे नंतर.

शंख फुंकण्याविषयी काल एका श्रोत्यांनी विचारले. जयपूर येथे ३० रुग्णांवर असा प्रयोग झाला, २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि सहा महिने नियमाने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप आणि श्वासाचे अडथळे काहीसे कमी झाले, हे खरे आहे. परंतु ते मध्यम विकाराचे रुग्ण होते आणि संख्या लहान. नुकताच झटका आलेल्या, ओठ न जुळणाऱ्या आणि रक्तदाब चढणाऱ्या माणसाने जोराने फुंकर मारणे आम्हांला इष्ट वाटत नाही. देवघरातला शंख घरातल्या धडधाकट माणसांनी खुशाल फुंकावा.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी एवढे करावे. दोन-तीन रात्री, दिवा मंद ठेवून, मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचे चित्रण करावे. छाती हलते आहे आणि आवाज नाही, असा क्षण त्यात आला तर पुढचा निम्मा संवाद वाचतो. श्वास किती सेकंद थांबतो ते मोजावे. घड्याळ नसेल तर मणी आहेतच. सकाळी डोके दुखते का, रात्री लघवीसाठी किती वेळा उठतात, बोलताबोलता डोळा लागतो का, हे लिहून ठेवावे आणि पुढच्या भेटीत रक्तदाबाच्या आकड्यांबरोबर हा कागद पुढे करावा. कोणी विचारण्याची वाट पाहू नये. मुलगा दूर असेल तर ते चित्रण त्यालाही पाठवावे; ‘पहिल्यापासूनच घोरतात’ हे उत्तर मग सहसा येत नाही.

शेवटी प्रवासाविषयी, कारण दिवाळी जवळ आली आहे आणि आपल्यातली कित्येक मंडळी गीतांजलीने मुंबईला किंवा आझाद हिंदने पुण्याला निघतील. यंत्र बरोबर न्यावे. मोठ्या सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत. टाकीतले पाणी ओतून टाकावे. डब्यातले चार्जिंगचे खटके मोबाइलसाठी असतात, त्यांच्यावर रात्रभर विसंबू नये. वेगळी बॅटरी मिळते, ती परवडत नसेल तर त्या एका रात्री खालच्या बर्थवर उशाकडे उंच करून कुशीवर झोपवावे. आणि गावी पोहोचल्यावर, पाहुण्यांनी भरलेल्या घरात संकोच वाटून मास्क पेटीतच ठेवण्याचा मोह होतो. तेथल्या वडीलधाऱ्यांना पहिल्याच संध्याकाळी ते यंत्र दाखवून मोकळे व्हावे.

आता प्रश्नांसाठी वीस मिनिटे आहेत असे सचिव खुणावीत आहेत.